मार्गारीच्या खोऱ्यातील मोशे : मॉन्सिन्योर मोझेस कोडी

धर्मग्रामात एखादा अभ्यासवर्ग सुरू करायचा म्हटला की पन्नाशी ओलांडलेली मंडळी बहुधा मागच्या बाकावर जाऊन बसतात. आपले शिकण्याचे वय आता सरले, पुस्तके मुलाबाळांनी वाचावीत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत खोटी ठरविण्यासाठी कॅनडा देशातील एका धर्मगुरूने आपले उभे आयुष्य वेचले. मच्छीमार, शेतकरी आणि खाणकामगार अशा कष्टकरी प्रौढांना त्यांनी शाळेत बोलावले नाही. त्यांच्याच घरातील स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलाभोवती, कंदिलाच्या उजेडात त्यांनी शाळा भरविली. त्या शाळेतून सहकारी दुकाने, पतसंस्था, मासळीचे कारखाने आणि घरे उभी राहिली. या धर्मगुरूंचे नाव मॉन्सिन्योर मोझेस मायकल कोडी. त्यांच्या कार्याला जग अँटिगोनिश चळवळ या नावाने ओळखते.

जन्म आणि घराणे

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया हा प्रांत आहे. त्याच्या ईशान्येस केप ब्रेटन नावाचे डोंगराळ बेट असून त्या बेटावरून मार्गारी नदी वाहते. सामन जातीच्या माशांसाठी ही नदी प्रसिद्ध आहे. या नदीच्या खोऱ्यात आयर्लंडहून आलेल्या काही कॅथलिक कुटुंबांनी जंगल तोडून शेती वसविली होती. कोडी आणि टॉम्पकिन्स ही त्यांपैकी दोन घराणी. दोन्ही घराण्यांत सोयरीक असल्यामुळे सारे खोरेच जणू एका गणगोताचे होते.

अशा या खोऱ्यात ३ जानेवारी १८८२ रोजी मोझेस यांचा जन्म झाला. वडील मायकल कोडी हे शेतकरी, तर आई सारा ही टॉम्पकिन्स घराण्यातील. या दांपत्याच्या अकरा मुलांपैकी मोझेस हे दुसरे. एवढ्या मोठ्या कुटुंबात वरच्या मुलाच्या वाट्याला जे येते तेच मोझेसच्या वाट्याला आले. लहानपणापासून त्यांनी वडिलांबरोबर शेतात राबावे, लाकडे फोडावीत, गुरे सांभाळावीत आणि उरलेल्या वेळात घरीच जमेल तसे शिकावे, असा क्रम होता. नियमित शाळेत ते किशोरवयातच जाऊ लागले. उशिरा शिकणे म्हणजे काय, त्यात संकोच किती असतो आणि गोडी किती असते, याचा अनुभव त्यांनी अशा रीतीने स्वतः घेतला होता. पुढे प्रौढांपुढे उभे राहताना हाच अनुभव त्यांच्या कामी आला.

त्या काळी केप ब्रेटनमधील घराघरांतून तरुण मुले-मुली कामाच्या शोधात अमेरिकेतील बोस्टन शहराकडे निघून जात. शेते ओस पडत, खेड्यांत म्हातारी माणसे मागे राहत. शिकलेला मुलगा गावात परत येत नाही, हे दुःख त्या खोऱ्यातील प्रत्येक आईला ठाऊक होते. शिक्षण म्हणजे गाव सोडण्याची शिडी, असाच अर्थ लोकांनी घेतला होता. एकजण त्या शिडीवरून वर चढतो, बाकीचे सारे खालीच राहतात. ही गोष्ट तरुण मोझेसच्या मनाला लागली आणि ती कायमची लागली.

भाऊ जिमी टॉम्पकिन्स

मोझेस यांच्या जीवनाची कथा त्यांच्या भावाला वगळून सांगता येत नाही. आईच्या माहेरच्या टॉम्पकिन्स घराण्यातील जेम्स टॉम्पकिन्स हे नात्याने त्यांचे भाऊ, वयाने सुमारे बारा वर्षांनी मोठे. लोक त्यांना प्रेमाने फादर जिमी म्हणत. दोघांचे रूप आणि स्वभाव अगदी भिन्न होते. मोझेस उंचेपुरे, रुंद खांद्यांचे, धिप्पाड. बोलू लागले की सभागृह दणाणून जाई. फादर जिमी ठेंगणे, कृश आणि प्रकृतीने नाजूक. भाषण हा त्यांचा प्रांत नव्हता. परंतु दोघातिघांच्या बैठकीत ते प्रश्नांची अशी सरबत्ती करीत की समोरच्याला विचार केल्यावाचून गत्यंतर नसे. एखादे कात्रण, एखादी पुस्तिका कोणाच्या तरी हातात कोंबून, ती वाचली का म्हणून पुढच्या भेटीत विचारल्याशिवाय ते राहत नसत.

याच भावाने मोझेसला शिक्षणाची वाट दाखविली. ट्रूरो येथील अध्यापक विद्यालयात शिकून मोझेस यांनी आपल्याच खोऱ्यात शिक्षकाची नोकरी केली. त्यानंतर ते अँटिगोनिश या गावी असलेल्या सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठात दाखल झाले आणि १९०५ साली पदवीधर झाले. ज्या संताचे शव जुन्या गोव्यात आहे त्याच संताचे नाव या दूरच्या विद्यापीठाला दिलेले आहे, हे आपल्या वाचकांना आवडेल. पदवीनंतर अँटिगोनिश धर्मप्रांताने त्यांना रोम येथे पाठविले. तेथे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचे अध्ययन पूर्ण करून १९१० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

पोप तेरावे लिओ यांचे कामगारांच्या स्थितीविषयीचे रेरुम नोव्हारुम हे परिपत्रक १८९१ साली प्रसिद्ध झाले होते. श्रमिकाला न्याय्य वेतन मिळावे, त्याला संघटना करण्याचा हक्क असावा, हा विचार ख्रिस्तसभेने त्यात जगापुढे ठेवला होता. तरुण फादर कोडी मायदेशी परतले ते ही शिकवण मनात घेऊनच. विद्यापीठात आणि त्याच्याशी जोडलेल्या हायस्कूलमध्ये ते शिकवू लागले. मध्यंतरी वॉशिंग्टन येथील कॅथलिक विद्यापीठात त्यांनी शिक्षणशास्त्राचाही अभ्यास केला. १९२० च्या दशकाच्या आरंभी प्रांतातील तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या शिक्षकांची संघटना नव्याने बांधण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि तिच्या वार्तापत्राचे संपादनही केले. विखुरलेल्या माणसांना एकत्र कसे आणावे, याचा पहिला धडा त्यांना येथे मिळाला.

आज्ञापालनाची कसोटी

दरम्यान फादर जिमी विद्यापीठाचे उपाध्यक्ष झाले होते. १९२० साली त्यांनी एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. ज्ञान हे सर्व लोकांचे आहे आणि विद्यापीठाने आपल्या भिंती ओलांडून लोकांकडे जावे, हे तिचे सार होते. लगेच पुढच्या वर्षी, १९२१ च्या हिवाळ्यात, अँटिगोनिश येथे लोकांची शाळा भरली. प्रवेशपरीक्षा नाही, शुल्क नाही, वयाची अट नाही. शेतीचे काम बंद असलेल्या त्या थंडीच्या दिवसांत पन्नासच्या आसपास माणसे सुमारे दोन महिने शिकायला येऊन राहिली.

परंतु याच सुमारास एक वादळ उठले. नोव्हा स्कोशियातील लहान लहान विद्यापीठांनी एकत्र येऊन हॅलिफॅक्स शहरात एकच सशक्त विद्यापीठ उभारावे, त्यासाठी अमेरिकेतील कार्नेगी कॉर्पोरेशन मोठी देणगी देईल, असा प्रस्ताव पुढे आला. फादर जिमी या योजनेचे कट्टर पुरस्कर्ते होते. फादर कोडी यांचाही कल तिकडेच होता. बिशप जेम्स मॉरिसन यांना मात्र ही योजना मान्य नव्हती. कॅथलिक विद्यापीठ आपल्या धर्मप्रांतातच राहावे असे त्यांचे मत होते आणि त्यांच्या दृष्टीने त्याला कारणेही होती. १९२२ साली विद्यापीठाच्या नियामक मंडळाने योजना फेटाळली. त्याच वर्षाच्या अखेरीस फादर जिमी यांची उपाध्यक्षपदावरून कॅन्सो या आडबाजूच्या मच्छीमार गावी धर्मगुरू म्हणून बदली झाली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात रमणारा बावन्न वर्षांचा विद्वान एका फटक्यात खडकाळ किनाऱ्यावर येऊन पडला. ही शिक्षाच होती, असे बहुतेकांनी मानले.

या प्रसंगी दोघा भावांपुढे दोन वाटा होत्या. कटू होऊन दूर व्हावे किंवा मिळाले त्या जागी काम करावे. फादर जिमी यांनी आज्ञा पाळली. मनाला लागलेले त्यांनी लपविले नाही, परंतु लागल्याचे निमित्त करून हातही आखडले नाहीत. फादर कोडी विद्यापीठात राहिले आणि त्यांनी भावाशी असलेला संबंधही तुटू दिला नाही. आज मागे वळून पाहिले असता असे वाटते की, ती बदली झाली नसती तर अँटिगोनिश चळवळ कदाचित कागदावरच राहिली असती. विद्यापीठाच्या खिडकीतून न दिसणारी गरिबी फादर जिमी यांना कॅन्सोच्या धक्क्यावर रोज दिसू लागली.

कॅन्सोचा किनारा

त्या किनाऱ्यावरील मच्छीमाराचे जिणे कसे होते? व्यापारी हंगामाच्या आरंभी त्याला जाळी, दोर, पीठ आणि चहा उधार देई. मासळी आली की तोच व्यापारी ती विकत घेई. भावही तोच ठरवी आणि हिशेबाची वहीही त्याच्याच हाती. हंगाम संपला की कर्ज शिल्लकच राही. कित्येकांच्या हाती वर्षानुवर्षे रोख पैसा पडत नसे. त्यातच वाफेवर चालणारी मोठी ट्रॉलर जहाजे आली आणि होडीवाल्याचा घास आणखी लहान झाला. बापाचे कर्ज मुलाच्या नावे चढे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील वाचकाला हे वर्णन फारसे परके वाटणार नाही.

१ जुलै १९२७ रोजी कॅनडाच्या संघराज्याला साठ वर्षे पूर्ण झाली. देशभर रोषणाई, मिरवणुका, भाषणे चालली होती. कॅन्सोचे मच्छीमार मात्र त्या दिवशी सभा घेऊन बसले. आपल्याकडे साजरे करण्यासारखे आहे तरी काय, असा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला. वृत्तपत्रांनी ही बातमी उचलून धरली, धर्मप्रांतातील धर्मगुरूंनी आवाज उठविला आणि सरकारला न्यायमूर्ती मॅक्लिन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. फादर कोडी यांनी आयोगापुढे साक्ष दिली. मच्छीमारांना दयेची नव्हे तर संघटनेची आणि शिक्षणाची गरज आहे, हे त्यांनी ठासून मांडले. आयोगाच्या शिफारशींनंतर सरकारने मच्छीमारांना संघटित करण्याचे काम खुद्द त्यांच्यावरच सोपविले.

१९२९-३० चा तो हिवाळा फादर कोडी यांनी प्रवासात काढला. बर्फाने झाकलेले रस्ते, वादळी किनारा, एका गावातून दुसऱ्या गावी जाण्यास कधी घसरगाडी तर कधी होडी. गावोगावी सभा घेत, मच्छीमारांना एकत्र करीत ते फिरले. जून १९३० मध्ये हॅलिफॅक्स येथे प्रतिनिधींची परिषद भरली आणि युनायटेड मॅरिटाइम फिशरमेन ही मच्छीमारांची संघटना जन्माला आली.

स्वयंपाकघरातील विद्यापीठ

इकडे १९२८ साली सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने विस्तार विभाग स्थापन करून फादर कोडी यांना त्याचे संचालक नेमले. अमेरिका आणि कॅनडा येथील प्रौढशिक्षणाचे प्रयोग पाहून आल्यावर १९३० पासून त्यांनी प्रत्यक्ष कामास आरंभ केला. ए. बी. मॅकडोनल्ड हे त्यांचे उजवे हात. कोडी यांनी माणसे पेटवावीत आणि मॅकडोनल्ड यांनी ती कामाला जुंपावीत, अशी ही जोडी होती.

कामाची पद्धत साधी होती. प्रथम गावात मोठी सभा होई. ती फादर कोडी यांची खास जागा. आपल्या दारिद्र्याला देवाची इच्छा समजून स्वस्थ बसू नका, देवाने दिलेली बुद्धी वापरा, असा त्यांच्या बोलण्याचा गाभा असे. ते लोकांची खुशामत करीत नसत. व्यापाऱ्याने लुटले हे खरे, पण आपण विचार करण्याचे सोडून दिले म्हणून तो लुटू शकला, हेही ते सुनवीत. सभा संपण्यापूर्वी गावातल्या गावात पाच ते दहा जणांचे अभ्यासगट नेमले जात. प्रत्येक गट आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमे. शिक्षक कोणी नसे. गटानेच आपल्यातून एक नेता निवडायचा. विद्यापीठातून पुस्तिका आणि पत्रके येत. ज्याला वाचता येत नसे त्याला दुसरा वाचून दाखवी. महिन्यातून एकदा सारे गट एकत्र येऊन आपण काय शिकलो आणि आता काय करायचे, याची चर्चा करीत.

अभ्यासाचा विषय मात्र नेहमी पोटापासून सुरू होई. लॉब्स्टरला येथे काय भाव मिळतो आणि बोस्टनच्या बाजारात तो कितीला विकला जातो? मधला पैसा कोणाकडे जातो? खताची पोती पन्नास जणांनी मिळून घेतली तर काय वाचेल? अशा प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता माणसे हिशेब, व्यापार, कायदा आणि अखेर वाङ्मय व इतिहासापर्यंत पोहोचत. भुकेल्या माणसाला प्रथम संस्कृतीचे व्याख्यान देणे हा त्याचा अपमान आहे, परंतु भाकरी मिळाल्यावर त्याला तेवढ्यावरच थांबविणे हाही अपमानच आहे, अशी फादर कोडी यांची धारणा होती. आर्थिक प्रश्न हे दार आहे, घर नव्हे. घर म्हणजे प्रभू येशूने देऊ केलेले विपुल जीवन, असे ते मानीत.

अभ्यासाला कृतीची जोड हवीच, हा त्यांचा आग्रह. १९३२ साली प्रांतात पतसंस्थांचा कायदा झाला आणि आपल्याकडे ज्यांना पतपेढी म्हणतात तशा संस्था गावोगावी निघू लागल्या. आठवड्याला २५ सेंट इतक्या अल्प बचतीने लोकांनी आपले भांडवल उभे केले. ज्यांना बँकेने कधी दारात उभे केले नव्हते, ते आता आपल्याच संस्थेच्या कर्जसमितीत बसून शेजाऱ्याच्या अर्जावर निर्णय देऊ लागले. एका सभासदाला एकच मत, मग त्याचे भाग कितीही असोत. मच्छीमारांनी स्वतःचे लॉब्स्टरचे कारखाने उभारले आणि आपला माल थेट अमेरिकेच्या बाजारात पाठविला. १९३८ च्या सुमारास अभ्यासगटांची संख्या सुमारे १,१०० आणि त्यांतील सभासदांची संख्या १०,००० च्या आसपास पोहोचली होती.

या कामात स्त्रियांचा वाटा मोठा होता. सेंट मार्था संस्थेच्या धर्मभगिनी विस्तार विभागात काम करू लागल्या. सिस्टर मेरी मायकल यांनी ग्रंथालय आणि स्त्रियांचे अभ्यासगट यांची धुरा वाहिली. घरखर्चाची खरी जाण गृहिणीला असते. सहकारी दुकान चालेल की बुडेल हे तीच ठरविते. म्हणून तिला सोडून सहकार शिकविणे व्यर्थ आहे, हे चळवळीने लवकर ओळखले. तरीही संस्थांच्या संचालक मंडळांवर बहुतांशी पुरुषच राहिले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

दोन्ही बाजूंचे बाण

केप ब्रेटनमधील कोळसाखाणींत त्या काळी मोठा असंतोष होता. १९२५ सालच्या संपात वेतनकपात, उपासमार आणि गोळीबार यांनी कामगारांची मने करपली होती. त्यांचा साम्यवादाकडे ओढा होता आणि धर्मगुरूंवरचा विश्वास उडाला होता. १९३२ साली फादर कोडी यांनी ग्लेस बे येथे कार्यालय उघडले आणि त्याच्या प्रमुखपदी ॲलेक्स मॅकिन्टायर यांना नेमले. हे गृहस्थ खाणकामगारांचे जहाल पुढारी म्हणून प्रसिद्ध होते. अनेक भाविकांना हा धक्का होता. परंतु फादर कोडी यांना ठाऊक होते की, ज्याने कामगारांसाठी सोसले आहे त्याचेच शब्द कामगार ऐकतील.

साहजिकच टीका दोन्हीकडून झाली. व्यापारी आणि काही प्रतिष्ठित मंडळी त्यांना पायजमा बदललेला साम्यवादी समजत, तर खरे साम्यवादी म्हणत की हा पाद्री कामगारांना दुकानाच्या हिशेबात गुंतवून क्रांतीपासून दूर नेतो आहे. आणखी एक आक्षेप घरातूनच येई. चळवळ कॅथलिक विद्यापीठाची, मग तिच्यात प्रॉटेस्टंटांना समान स्थान कशासाठी? यावर फादर कोडी ठाम होते. उपासमार पंथ विचारून येत नाही, तेव्हा सहकारी संस्थेच्या दारावरही पंथ विचारला जाऊ नये. युनायटेड चर्चचे पाळक नेल्सन मॅकडोनल्ड यांच्यासारखे अनेकजण त्यांच्या खांद्याला खांदा लावून राबले. व्हॅटिकन महासभेच्या कितीतरी आधी ख्रिस्ती ऐक्याचा हा धडा केप ब्रेटनच्या खाणवस्त्यांतून गिरविला जात होता.

रोमनेही या कार्याची दखल घेतली. १९३८ साली पोप अकरावे पायस यांच्या वतीने कार्डिनल पाचेल्ली यांनी, म्हणजे पुढे पोप बारावे पायस झालेल्या राज्यसचिवांनी, बिशप मॉरिसन यांना पत्र पाठवून चळवळीची प्रशंसा केली. ज्या कार्नेगी कॉर्पोरेशनची देणगी एकेकाळी वादाचे कारण ठरली होती, त्याच संस्थेने विस्तार विभागाला अनुदान दिले, हाही काळाचा एक न्यायच.

भावाची अखेरची कामगिरी

१९३५ साली फादर जिमी यांची कॅन्सोहून रिझर्व्ह माइन्स या खाणकामगारांच्या वस्तीत बदली झाली. तेथे त्यांनी आपल्या निवासातच लोकांसाठी ग्रंथालय उघडले. कामावरून परतणारा कामगार काळवंडलेल्या हातांनी पुस्तक बदलून नेई. कंपनीच्या जुनाट भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या काही कामगारांनी घरबांधणीचा अभ्यासगट काढला. न्यूयॉर्कहून आलेल्या मेरी अर्नोल्ड या सहकारतज्ज्ञ बाईंच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नकाशे काढले, पुठ्ठ्याची घरे करून पाहिली, कर्जाचा हिशेब मांडला आणि १९३८ साली स्वतःच्या हातांनी अकरा घरे बांधून पूर्ण केली. त्या वसाहतीला त्यांनी आपल्या धर्मगुरूंच्या नावावरून टॉम्पकिन्सव्हिल असे नाव दिले.

५ मे १९५३ रोजी फादर जिमी प्रभूकडे गेले. मार्गारीच्या खोऱ्यातील या दोन भावांपैकी विचाराची ठिणगी कोणाची आणि वणवा कोणाचा, अशी चर्चा पुढे अनेकांनी केली. स्वतः कोडी यांनी मोठ्या भावाचे ऋण नेहमीच मान्य केले.

अखेरची वर्षे

१९३९ साली फादर कोडी यांचा चळवळीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. सामान्य माणसाने आपल्या नशिबाचे स्वामी व्हावे, हा त्याचा विषय. तो अनेक भाषांत गेला आणि दूरदूरचे अभ्यासक अँटिगोनिश पाहण्यास येऊ लागले. १९४९ साली संयुक्त राष्ट्रांनी नैसर्गिक संपत्तीच्या जतनासंबंधी भरविलेल्या परिषदेतही त्यांना बोलण्यास पाचारण करण्यात आले. मॉन्सिन्योर हा बहुमान मिळाला तरी ते कष्टकऱ्यांमध्ये वावरत राहिले.

मात्र सारेच मनासारखे घडले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसांच्या हाती पैसा खेळू लागला, नोकऱ्या मिळू लागल्या आणि अभ्यासगटांची गर्दी ओसरली. संस्था वाढल्या, परंतु त्यांच्यामागील अभ्यास आटला. सभासद लाभांश विचारू लागला, विचार विचारीनासा झाला. काही संस्था मोठ्या बाजारपेठेपुढे टिकल्या नाहीत. समाजाची सारी अर्थव्यवस्थाच सहकाराने बदलून जाईल, हे कोडी यांचे स्वप्न अपुरे राहिले. शिक्षण थांबले की सहकार नुसते दुकान उरते, ही त्यांची भीती त्यांना डोळ्यांदेखत खरी होताना दिसली. हृदयविकाराने त्यांचे धिप्पाड शरीर खचले आणि १९५२ साली ते संचालकपदावरून निवृत्त झाले. तरी पत्रे लिहिणे, भेटीस येणाऱ्यांशी तासन्‌तास बोलणे चालूच होते. २८ जुलै १९५९ रोजी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, अँटिगोनिश येथे त्यांनी देह ठेवला.

वचनदत्त भूमी

जुन्या करारातील मोशेने आपल्या लोकांना दास्यातून बाहेर काढले, चाळीस वर्षे अरण्यातून नेले, परंतु वचनदत्त भूमी त्याने डोंगरावरून फक्त पाहिली. त्याचेच नाव धारण करणाऱ्या या धर्मगुरूंच्या बाबतीतही काहीसे तसेच घडले. त्यांच्या निधनानंतर अवघ्या काही महिन्यांनी, डिसेंबर १९५९ मध्ये, सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठात त्यांच्या नावाने कोडी इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट सुरू झाली. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका येथील हजारो कार्यकर्ते तेथे शिकून आपापल्या गावी परतले. भारतातूनही धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक कार्यकर्ते तेथे गेले. अँटिगोनिश धर्मप्रांताच्या सीमेत जन्मलेले कार्य त्यांच्यामार्फत आपल्या देशातील बचतगटांपर्यंत आणि सहकारी संस्थांपर्यंत येऊन पोहोचले.

आपल्या धर्मग्रामांतही पतपेढ्या आहेत, सोसायट्या आहेत, महिलांचे बचतगट आहेत. त्यांच्या वार्षिक सभेला किती सभासद येतात आणि अहवाल वाचून किती येतात, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा. मॉन्सिन्योर कोडी आज आले असते तर त्यांनी बहुधा सभागृहाची इमारत किंवा ठेवींचा आकडा पाहिला नसता. संध्याकाळी कोणाच्या घरी पाच-सहा माणसे एकत्र बसून काही वाचतात का, एवढेच त्यांनी विचारले असते. मार्गारीच्या खोऱ्यातील अकरा भावंडांच्या घरात उशिरा अक्षर गिरविणाऱ्या मुलाने जगाला दिलेला धडा एवढाच आहे की, शिकण्याचे वय सरत नाही आणि एकट्याने वर चढण्यापेक्षा सर्वांनी मिळून उभे राहणे अधिक ख्रिस्ती आहे. त्या सत्पुरुषाच्या आत्म्यास चिरशांती लाभो आणि त्याने पेटविलेला दिवा आपल्याही घरात तेवत राहो.